बिनखांबाचं कोठार

केशोराव घरामागच्या सांदवाडीत कोठार बांधतो आहे आणि त्याला एकही खांब गाडणार नाही, ही बातमी चैत्रात गावभर झाली. शेतात काम नसलेले दिवस. गावाला चघळायला तेवढंच पुरे झालं. तळ्याकडे जाणारा माणूस मुद्दाम वाट वाकडी करून कुंपणाशी थांबायचा.

"हे घर आहे का गाडी गा, केशोराव?"

"कोठार आहे."

"मंग पुढून असं वाकडं काऊन केलं? उडून जाते का?"

केशोराव मान वर करत नसे. त्याचा वाकस लाकडावर बसत राही आणि बिजाच्या लाकडाचा लालसर छिलका पायाशी साचत राही. आगगाडीची लाईन अर्जुनीवरून गेली तेव्हा तरुणपणी त्यानं दोन वर्षं लाईनीखालची लाकडं तासली होती. जातीचा शेतकरी, पण हातात वाढयाची, सुताराची कला आली ती तिथून. बोलायचं मात्र तिथेही कोणी त्याला शिकवलं नाही, असं धुरपताबाई म्हणायची, आणि ते खरंच होतं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून एका वेळी दहा शब्द निघालेले तिला आठवत नव्हते.

कोठार असं होतं. खाली बिजाची दोन जाडजूड लांब लाकडं, पुढची टोकं होडीसारखी वर उचललेली आणि त्यांत दोर ओवायला आरपार भोकं. ही लाकडं मातीवर नाही, चपट्या दगडांवर ठेवलेली, म्हणजे खालून हातभर मोकळी जागा. त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, चार कोपऱ्यांना येनाच्या लाकडाचे खांब, तेही तुळयांत खाचा पाडून बसवलेले. लोखंडाचा खिळा एक नाही, सगळा सांधा लाकडी खुंट्यांचा. भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, वर गवताचं छप्पर. दोन बैलजोड्या लावल्या की भरलेलं कोठार गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेता येईल, असा त्याचा हिशेब होता. माणूस वेडा नव्हता. त्याच्या मनात एक सल होता.

सल मंदाबाईचा. पाच-सहा वर्षांमागे गावातली मंदाबाई विधवा झाली आणि दिरानं तिला वेगळं काढलं. तिनं पंचांकडे एवढंच मागितलं होतं, की पायानं धान कांडायची माझी ढेकी मला द्या, त्याच्यावर मी पोट भरीन. गावाची रीत जुनी होती. जे जमिनीत गाडलेलं ते घराच्या वारसाचं. जे न खणता नेता येतं ते ज्याला दिलं त्याचं, आत असलेल्या मालासकट. ढेकीचे दोन खुंट जमिनीत गाडलेले होते. पंचांनी ढेकी दिराला दिली. त्या पंचांत केशोराव होता आणि निकाल त्याच्याच तोंडून सांगितला गेला. मंदाबाई पुढे कुठे गेली कोणाला कळलं नाही. केशोरावनं तिचं नाव नंतर कधी काढलं नाही, पण त्या दिवसापासून तो पंचांत बसला नाही.

आणि मग दोन वर्षांमागे त्याची स्वतःची लेक परत आली. शामकला. वीस वर्षांची, नवरा पटकीत गेलेला, कडेवर पोर नाही. सासरच्यांनी तिला एका लुगड्यावर गाडीत बसवून दिलं.

घरात मुलगा जागेश्वर, त्याची बायको सुलोचना आणि त्यांच्या तीन मुली. जागेश्वर माणूस वाईट नव्हता. बहीण आली तेव्हा तो रडलाही होता. पण रडण्यानं ताटं कमी होत नाहीत, आणि वर्षभरात त्यानं चिचगडच्या दुलीचंदशी तिचं दुसरं लग्न लावायचा विषय काढला. दुलीचंद पन्नाशीला टेकलेला, बायको मेलेली, दोन लेकी शामकलेहून मोठ्या. घरात खायला होतं, जंगलातून मोहफुलं आणि डिंक यायचा, आणि बाईमाणूस हवं होतं.

"पाट लागते आपल्यात," जागेश्वर म्हणाला. "यात वाईट काय आहे?"

"मले नाही जाचं," शामकला म्हणाली. तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही.

"मंग जन्मभर काय करशील?"

"आत्याबाईसारखी पोहे कांडीन. बाजारात विकीन."

सुमित्राबाई, केशोरावची विधवा बहीण, गावाच्या खालच्या टोकाला एकटी राहायची आणि अर्जुनीच्या बाजारात पोहे विकायची. तिच्या अंगणात जागा होती. नव्हतं ते धान. केशोरावनं त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं आणि हात धुतला. दुसऱ्या दिवशी तो बिजाची लाकडं पाहायला गेला.

कोठार वैशाखात पुरं झालं. केशोरावनं गावच्या पंचांतल्या वडीलधाऱ्या बकारामला बोलावलं आणि घरच्या सगळ्यांसमोर त्याच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात लांब भाषण केलं.

"बकाराम, हे शामकलेचं. अना यंदा तळ्याखालच्या बांदीचं धान याच्यातच भराचं. तू आयकलं ना?"

"आयकलं."

जागेश्वरनंही ऐकलं, की त्या शेताचं धान बहिणीला जाणार. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. धुरपताबाईला धन्य वाटलं. नवरा मुका असला तरी लेकीचा विचार त्यानं केला, हे तिनं मनात शंभरदा म्हटलं. पण खांब का गाडले नाहीत, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिला वाटलं, असेल लाईनीवर पाहिलेलं काही. मंदाबाईचा निकाल बायकांच्या कानावर उडत उडत आला होता, ढेकी गेली एवढाच. ती कशापायी गेली हे पंचांच्या झाडाखालीच राहिलं होतं.

श्रावणात धानाची रोवणी चालली होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या, केशोराव बांधावरून पऱ्ह्यांच्या, रोपांच्या पेंढ्या फेकत होता. एक पेंढी त्यानं उचलली ती हातातच राहिली. तो उजव्या अंगावर कलला आणि तोंडावर चिखलात पडला. शामकलेनं त्याला उताणं केलं तेव्हा तोंडातला चिखल तिला बोटांनी काढावा लागला. जागेश्वरनं बापाला पाठीवर घेतलं आणि घरापर्यंत कुठे टेकवलं नाही.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आधीच थोडं बोलणारा माणूस, आता घशातून नुसतं 'अं-अं' निघायचं. वैद्यानं तेलाचं मालीश सांगितलं. खाट मागच्या सपरीत, पडवीत टाकली, म्हणजे वारा लागेल आणि सांदवाडी दिसेल. धुरपताबाईनं त्याचं सगळं अंगावर घेतलं. लेकरासारखं धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. शेतातून शामकला आली की ती बापाच्या तळपायांना तेल लावायची.

त्याच आठवड्यात कोठाराखालच्या मोकळ्या जागेत अंडी उबवायला बसलेली कोंबडी सापानं मारली. सुलोचना किंचाळली आणि मग दिवसभर बोलत राहिली.

"असं कुठं कोठार असते का, माय? खालून कुत्रं जाते, साप जाते, उद्या घुशी येऊन धान खातील. त्यायची तब्येत होती तं ठीक होतं, आता तं कोनी पाहणारं नाही."

धुरपताबाईला पटलं. लेकीचं कोठार, आणि त्याखाली साप? तिनं तळ्याची चिकण माती आणली, त्यात भुसा आणि शेण कालवलं, पायांनी दिवसभर तुडवलं आणि दगडांच्या मधली सगळी फट भरून काढली. वरून बाहेरच्या अंगाला वीतभर रुंद ओटा घातला, लाकडांच्या कडा झाकल्या जातील असा. गुडघ्यावर बसून तळहातानं ती माती सारखी करत होती तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"अं... अं..."

"आली, आली." ती हात धुऊन धावली. पाण्याचा गडवा त्याच्या तोंडाला लावला. त्यानं तोंड फिरवलं. पाणी मानेवरून उशीत गेलं. डाव्या हातानं त्यानं खाटेच्या पाटीवर मारलं, एकदा, दोनदा.

"पानी नाही पाह्यजे तं कायले ओरडता जी?" ती प्रेमानंच रागावली आणि पदरानं त्याची मान पुसली.

एकदा सारवलं म्हणजे झालं असं कुठे असतं? माती सुकली की भेगा पडतात. पोळ्याला तिनं पुन्हा थर दिला, दसऱ्याला दिला, दिवाळीला तर पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. दर वेळी खाटेवरून तेच कण्हणं, तोच पाटीवरचा हात, आणि दर वेळी धुरपताबाई पाणी घेऊन धावायची. एकदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, लेकीचं कोठार असं लखलखीत दिसतं म्हणून त्याला भरून आलं. ती स्वतःही रडली. सुपात तांदूळ घेऊन शामकला दाराशी उभी होती. ती बापाकडे पाहत होती, मायकडे पाहत होती, आणि मग खाली पाहून खडे वेचायला लागली.

चुरणा, म्हणजे धानाची मळणी झाली. जागेश्वरनं तळ्याखालच्या बांदीचं धान पोत्यांनी आणून कोठारात ओतलं. बापाच्या डोळ्यांसमोर त्यानं एक पायलीही इकडची तिकडे केली नाही. हे मान्य केलंच पाहिजे. पौषात, थंडी कडाक्याची असताना, भल्या सकाळी केशोराव गेला. जाताना त्याचं तोंड सांदवाडीकडे होतं.

तेरवी झाली. माघात दुलीचंदचा निरोप आला, की फाल्गुनात पाट लावू. जागेश्वरनं सांगून टाकलं, "मी हो म्हटलं आहे."

शामकला पहिल्यांदा त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "मी आत्याबाईकडे जातो, भाऊ. माझं कोठार घेऊन जातो. तुले माझा भार नाही पडत."

"कोठार? आपल्या वाडीतून?"

"बानं मले दिलं. बकारामकाकायसमोर."

जागेश्वरनं मनात हिशेब केला. एवढं धान वाडीतून जाणार, आणि उद्या दुलीचंदपुढे शब्दही जाणार. "पंच सांगतील," तो म्हणाला.

पंच आले. बकाराम आणि आणखी चौघं. कुंपणाबाहेर अर्धं गाव. बकारामनं सरळ सांगितलं, "केशोरावनं दिलं, मी आयकलं. त्यात वाद नाही. पण रीत मोडता येत नाही. जमिनीतलं असंल तं जागेश्वरचं. न खणता हाललं तं शामकलेचं, अंदरच्या धानासकट. बैल लावा."

शामकलेच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कधी नव्हे तो रंग होता. दोन्ही जोड्या आणल्या, एक घरची आणि एक बकारामची. दोर भोकांतून ओवला. सुमित्राबाईनं आपल्या अंगणातली जागा सकाळीच झाडून ठेवली होती. धुरपताबाई सपरीच्या पायरीवर बसली होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला म्हणत होती, पाहा, तुमचा रथ निघाला.

मग बकाराम खाली वाकला. ओट्यावर त्यानं काठीनं टकटक केलं. दगडासारखा आवाज आला.

"हे काय आहे?"

  धुरपताबाईला सगळं एकदम कळलं. खांब का गाडले नाहीत ते, खाली दगड का ठेवले ते, हातभर जागा का मोकळी सोडली ते. आणि पाटीवर आपटणारा तो डावा हात. पाच महिने तो माणूस तिला सांगत होता. ती त्याला पाणी पाजत होती.

"बैल हाका," जागेश्वर म्हणाला.

बैलांनी माना खाली घातल्या. दोर ताणला, करकरला. खुर मातीत रुतले. कोठार हाललं नाही. वरचं गवत थोडं थरथरलं, बस. पुन्हा हाकलं. शेपट्या पिळल्या. उजव्या अंगाचा बैल गुडघ्यावर आला. आणि मग कड्कन आवाज झाला. उजव्या लाकडाचं वर उचललेलं टोक भोकासकट तुटून दोराबरोबर पुढे आलं. तुटल्या जागी लाकूड नव्हतंच, नुसती भुरकी माती होती आणि पांढऱ्या उदळ्या, वाळवीचे किडे, वळवळत होत्या. ओट्याच्या ओलीतून त्या वर चढल्या होत्या आणि बिजाचं लाकूड, जे उघड्या हवेत शंभर वर्षं टिकलं असतं, आतून पोखरून बसल्या होत्या.

बकारामनं ते टोक हातात घेतलं आणि बोटानं माती पाडली. मग तो पायरीकडे वळला. त्याचा आवाज हळू होता, आणि त्याला कोणतं उत्तर हवं आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"धुरपताबाई, ही माती कोनं लावली?"

"मी लावली."

"केशोरावनं मनाई केली होती का? खाटेवरून का होईना, नाही म्हटलं होतं का? आठवून सांगा. मालकानं नाही म्हटलं असंल तं ही माती धरता येत नाही. खोदून काढू, दुसरा दोर बांधू."

आता सांगायचं. हो, नाही म्हटलं होतं. पण तिला त्या घडीला ते कळलं होतं का? नव्हतं कळलं. तेरवी झालेल्या माणसाच्या नावानं पंचांपुढे शपथ घ्यायची, आणि आज उमगलेलं तेव्हाच समजलं होतं असं म्हणायचं? ती सरळ बाई होती. तिचं तोंड उघडलं आणि खरं तेवढंच बाहेर आलं.

"त्यायले बोलता येत नव्हतं. कन्हत. मले वाटे, पानी मागतात."

"म्हणजे नाही असं म्हटलं नाही?"

"मले नाही समजलं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

 जागेश्वर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बकाराम म्हणाला, "मंदाबाईच्या ढेकीचा निकाल केशोरावनंच सांगितला होता. आता त्याच्या लेकीपायी मी दुसरा कोठून आणू?" त्यानं ते टोक ओट्यावर ठेवलं. "कोठार घराचं." त्याला घरी जाण्याची घाई झाली होती, आणि तो काठी विसरून गेला.

सुमित्राबाई संध्याकाळी आली. शामकलेचा हात हातात धरून म्हणाली, "धान असतं तं तुले छातीशी धरून ठेवली असती, पोरी. मी सोता एका जेवनावर आहो. दोन तोंडं कशी भरू?" शामकला म्हणाली, "जाऊ द्या, आत्याबाई." त्या दिवसापासून ती कोणाशी फार बोलली नाही. सुलोचना तिला ताटात जास्त भात वाढायला लागली. जाणाऱ्या माणसाला वाढतात तसा.

फाल्गुनात दुलीचंदची गाडी सकाळी दाराशी लागली. त्यानं गाडीत नवं तणस पसरलं होतं आणि वर घोंगडं टाकलं होतं. माणूस खाली मान घालून जुवापाशी उभा होता, पांढऱ्या मिशांचा, केशोरावपेक्षा सात-आठ वर्षांनीच लहान. जागेश्वर त्याच्या बैलांना कारण नसताना थोपटत होता.

आत धुरपताबाई गाठोडं बांधत होती. दोन लुगडी, कंगवा, तिळाचे लाडू. गाठ बसत नव्हती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मले माफ कर वो पोरी. तुझा बा मले सांगून राहिला होता, अना मी अडाणी..."

"मले समजलं होतं, माय."

"काय?"

"बा कायले कन्हत ते. पोळ्याच्याच दिवशी समजलं. माती नोको लावू म्हणत."

धुरपताबाईच्या हातातून गाठोडं सुटलं. "अना तू बोलली नाही?"

"काय बोलू?" शामकलेचा आवाज पहिल्यांदा फुटला. "बा खाटेवर पडून. मी म्हणू का, माय, माती नोको लावू, बा मेल्यावर मले कोठार ओढून न्याचं आहे? कोन्या तोंडानं म्हणू? म्हटलं, बरे होतील. बरे झाले की तेच सांगतील. मी वाट पाहत राहिलो. मंग वाटलं, दोन जोड्यायपुढं माती काय टिकते, अना पंचायपुढं माझ्याच फायद्याची साक्ष कोनं मानली असती?"

धुरपताबाईनं या लेकीला जन्मात कधी चापट मारली नव्हती. आता तिचा हात कसा उठला तिलाच कळलं नाही. पूर्ण ताकदीनं तिनं शामकलेच्या गालावर मारली. आवाज बाहेर गाडीपर्यंत गेला. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं तिला ओढून छातीशी घेतलं, इतकं घट्ट की दोघींना श्वास घेता येईना, आणि ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली, "एकडाव बोलाचं होतं वो. एकडाव बोलाचं होतं."

"ऊन होते, बाई," बाहेरून दुलीचंद अदबीनं म्हणाला.

शामकला सुटी झाली. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, पण गाल झाकला गेला नाही. गाडीत चढताना दुलीचंदनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बैलांचा कासरा उचलला. बैल हलले. मायच्या हाताची चार बोटं गालावर घेऊन शामकला चिचगडला गेली.